एकमताने मंजूर झालेलं एकमेव कलम

ती. दाजींना,

गाडीखालून साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराच आहे, पण पालथा नव्हे, उताणा. नाकावर गिअरबॉक्स आहे, तेव्हा भावना समजून घ्या.) तुमची कंबर आता कशी आहे? दिवसभर वाकून लोकांच्या गाड्यांची मापं घ्यायची म्हणजे ती कुरकुरणारच. आमच्याकडे सगळे ठणठणीत. ताई तर भलतीच खुशीत आहे, आणि तिच्या खुशीचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही तिकडच्या मोटारशर्यतींच्या मालिकेत गाड्यांचे तपासनीस, ती इकडच्या मालिकेत माझ्या संघाची चालक. दोन्हीकडच्या शर्यती नेमक्या त्याच शनिवार-रविवारी आणि वेगवेगळ्या देशांत. तुमचा निम्मा संसार विमानतळावरच्या खुर्च्यांवर झाला. म्हणून दोन्ही मालिका मिळून एकच नियमावली करणार, एकच गाडी दोन्हीकडे चालणार आणि काही शर्यती एकाच ट्रॅकवर होणार, अशी बातमी आली तेव्हा ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि गालाला हात लावून बघत बसली. गेल्या हंगामात ती तिसरी आली. अजून एक-दोन हंगाम हात साथ देतील म्हणते, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर चालवायचे अशी तिची फार इच्छा आहे. त्याच संदर्भात दोन शब्द लिहायचे आहेत. (दोनावर भागणार नाही.)

आधी गाडीचं सांगतो, कारण त्यातला मूर्खपणा त्यातल्या त्यात लहान आहे. नियम एक होणार म्हणजे नक्की काय होणार, याचा मी सखोल विचार केला. ("तुम्ही विचार करायला लागलात की मी घरातले पैसे मोजून ठेवते," असं आमची ही म्हणते. उगाच नाही म्हणत.) आमच्याकडे रुंद बॉडी सक्तीची, तुमच्याकडे अरुंद. आमचे टायर जाड, तुमचे पातळ. आमचा स्पॉयलर, म्हणजे हवा दाबणारा मागचा पंख, डिकीच्या वर, तुमचा डिकीच्या मागे. आता दोन माणसं हट्टाला पेटली की शेवटी कुठेतरी मध्यावर येतात, हे मी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आयुष्यभर पाहिलंय. तेव्हा म्हटलं, सगळे नियम छापून यायची वाट बघत बसतील; आपण आत्ताच मध्य काढू आणि त्या मापाची गाडी तयार ठेवू! काढला मध्य. बांधली गाडी. परिणामी दोन्ही नियमावल्यांत सारख्याच अंतराने न बसणारी एक गाडी आज माझ्या दारात आहे. तुमच्याकडे नेली तर जाडी, आमच्याकडे आणली तर किडकी. स्पॉयलरचा मध्य काढायला गेलो तर तो डिकीच्या झाकणातून आरपार गेला, त्यामुळे डिकी उघडत नाही, आणि माझा जेवणाचा डबा आत आहे. मधल्या मापाचे टायर कोणीच बनवत नाही, हे मला चाकं बनवून झाल्यावर समजलं. सध्या गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. बाकी दिसायला छान आहे हो, रंग तर फारच खुलून दिसतो.

हे निस्तरायचं तर नियम खरोखरच मध्यावर यायला हवेत, म्हणून दोन्ही मालिकांच्या संयुक्त बैठकीला मी छोट्या संघांचा प्रतिनिधी म्हणून गेलो. (मी हात धुवायला गेलो होतो तेवढ्यात माझी निवड झाली. परत आलो तर टाळ्या.) तुम्ही त्या दिवशी शर्यतीवर होतात, नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं. हॉटेलचा गारठलेला हॉल, इकडे आमचे लोक, तिकडे तुमचे, मध्ये पाण्याच्या बाटल्या. पहिला विषय, गाडीची रुंदी. त्यावर कोणीतरी विचारलं की रुंदी मोजायची ती आरशांसकट की आरसे सोडून. झालं! जेवणाच्या सुट्टीपर्यंत आरसेच चालले. तुमचे म्हणाले, आरसा हा गाडीचाच भाग आहे. आमचे म्हणाले, मग पहिल्या वळणावर तो गळून पडला की गाडी बाद धरणार का? दुपारी वजनाचा विषय निघाला, तर तुमच्याकडे गाडी चालकासकट तोलतात आणि आमच्याकडे रिकामी, आणि चालकाने आदल्या रात्री काय खाल्लं याची जबाबदारी घ्यायला दोन्हीकडचं कोणी तयार होईना. अध्यक्ष बिचारे सज्जन. सकाळी 'आपण सारे एका कुटुंबातले' म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. संध्याकाळी म्हणाले, अहो, निदान एका तरी गोष्टीवर एकमत होऊ द्या, बाहेर पत्रकार थांबलेत.

आणि दाजी, इथे मी उठलो. का उठलो ते सांगतो. माझ्या समोरच रणगाडा बसला होता. (आमच्या मालिकेतला मोठा संघमालक. हे नाव त्याला देहावरून पडलं, आणि तो ते कौतुकाने मिरवतो.) त्याचा साडू आमच्याकडे तपासनीस. रणगाड्याची गाडी नियमापेक्षा खाली बसते हे साऱ्या गावाला दिसतं, फक्त साडूला दिसत नाही. गेल्या हंगामात ताईच्या पुढे जो दुसरा आला तो त्याच्याच संघाचा. माझ्या डोक्यात तिडीक होतीच. म्हटलं, हीच वेळ आहे, बेट्याला धडा शिकवायचा. आणि माझ्या तोंडून असं शुद्ध, खणखणीत वाक्य बाहेर पडलं की मीच थक्क झालो: तपासनिसाच्या जवळच्या नातेवाइकाला गाडी चालवता येणार नाही आणि संघही उतरवता येणार नाही. तिथेच थांबायचं की नाही? पण रणगाडा साडूला गुपचूप दुसऱ्या मालिकेत चिकटवेल, ही पळवाट मला दिसली. (मला पळवाटा फार लवकर दिसतात. भिंत दिसत नाही.) म्हणून मी पुढे जोडलं, 'तपासनीस दोन्हींपैकी कोणत्याही मालिकेतला असो, बंदी दोन्ही मालिकांत, येत्या हंगामापासून.'

हॉलभर टाळ्या. तुमचे लोक वाजवतायत, आमचे वाजवतायत, अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी. अनुमोदन कोणी दिलं असेल? रणगाड्याने! उठून उभा राहून! त्याच्या साडूने आठवड्यापूर्वीच नोकरी सोडली होती आणि तो आता रणगाड्याकडेच मॅनेजर आहे, हे मला बाहेर पडल्यावर कळलं. कलम एकमताने मंजूर. दोन मालिकांच्या इतिहासातला हा पहिला समान नियम, आणि तो मी घडवला. माझी छाती अशी काही फुगली होती की मी तिथूनच घरी फोन लावला आणि हिला कलम शब्दशः वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "आणि आपले दाजी काय करतात?" मी म्हटलं, "मजेत असतील की."

त्यानंतर जवळजवळ जिन्याच्या तळाशी पोचलो तेव्हा तिचा प्रश्न डोक्यात शिरला: दाजी तपासनीस! मी पायरीवरच बसलो. वरून रणगाडा उतरत होता, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तसाच वर धावलो. अध्यक्षांना म्हटलं, कलम मागे घेतो. ते म्हणाले, अहो, दिवसभरात एवढं एकच झालंय, तेही कसं मागे घेता?

तर हे असं आहे. नियम एक होऊन तुम्ही दोघं एका ट्रॅकवर याल म्हणून मी गेलो, आणि एकच नियम एक करून आलो, तो ताईला दोन्ही ट्रॅकवरून हाकलणारा. आजपर्यंत ती निदान इकडे तरी चालवत होती. गाडी अशी की कुठे चालत नाही, चालक अशी की तिला कुठे चालवता येत नाही, आणि मालक असा. दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि आपण पडावं इथवर ठीक होतं. मी बहिणीला आधी ढकललं आणि मग पडलो. दाजी, मला फार वाईट वाटतंय. झोपेतसुद्धा टाळ्या ऐकू येतात. पण मी डगमगलेलो नाही. चूक सर्वस्वी माझी आहे आणि तिची जबाबदारी मी छातीठोकपणे घेतली आहे, एवढं सांगण्यासाठीच हे पत्र. कंबरेला शेक देत जा.

तुमचा,
उताणा मेहुणा

ता. क. ताईला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगाल का? तुमचा आवाज फोनवर मऊ लागतो. माझा ऐकला की तिचा हात आपोआप पान्याकडे जातो.

ता. क. २. सांगताना ठराव कोणी मांडला हे सांगायलाच हवं असं नाही. विचारलंच तर रणगाड्याचं नाव घ्या. अनुमोदन त्याचंच होतं, म्हणजे निम्मं खरं आहे.

ता. क. ३. अहो, आता मी, तुमची बायको, लिहितेय. याने पाकिटावर तुमच्या जागी स्वतःचाच पत्ता घातला होता, म्हणून पत्र फिरून इथेच आलं आणि मी उघडलं. कलमाचं मला त्याच संध्याकाळी समजलं. रणगाड्याने फोन केला होता, हसण्याच्या नादात दोनदा सांगितलं. मी खुशीत वगैरे नाही. हा कधी तोंड उघडतो ते बघत होते. एक रात्र रडले, खोटं कशाला सांगू. तुम्ही मला कधी गाडी सोड म्हणाला नाहीत, म्हणून नोकरी सोडा असं मीही म्हणणार नाही. पण मला गाडी चालवायचीय आणि मला तुम्हीही हवे आहात, आणि हे दोन्ही जमण्याचा जो एकच रस्ता उरलाय तो तुम्हाला दिसतच असेल. इथे आमच्या संघात नीट मापं घेणाऱ्या माणसाची किती गरज आहे ते वर वाचलंतच. काय ठरवाल ते मला कळवा. त्याला आधी सांगू नका, तो लगेच ठराव मांडेल.