मशीनची ओ

१७ जाने., शुक्र.
घशाच्या ऑपरेशननंतर सख्याचा आवाज गेला तो गेलाच. पुढचं विचारलं की डॉक्टर कागद चाळतात. फोनवर बोलणं संपलं, आता जे काय ते कॉम्प्युटरवर लिहून. त्याचा तळेघरला, घराच्या ओट्याला लागून त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, माझा आळेफाट्याला ठिबकच्या दुकानात, बिलाच्या खिडकीमागं. मोबाईलच्या बारक्या अक्षरांवर त्याची बोटं बसत नाहीत.
आज पहिलं वाक्य आलं त्याचं. "भिव्या, आता तरी मधे मधे बोलू नको." हसलो. मग गिऱ्हाइकाकडं जरा पाठच केली.

२२ जाने., बुध.
हा निरोपांचा प्रोग्राम बनवणारा कधी भेटला तर सांगणार आहे. माणसागणिक टिंग वेगळी पाहिजे. मी लांबून मोटार ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो, अन इथं पाइपवाल्या कंपनीची जाहिरात काय नि सख्या काय, आवाज एकच.
आणि तो लिहील तसं अक्षर अक्षर दिसायला पाहिजे. 'लिहीत आहे' येतं, जातं, परत येतं. शेवटी हाती काय, तर "बरा हाय." मधलं खोडलेलं कुठं जातं? मला तेच वाचायचंय.

२९ जाने., बुध.
उन्हाळी टोमॅटोच्या लागवडी. दुकानात झुंबड. सख्याला उत्तर द्यायला उशीर होतो. म्हणाला, "निदान ओ तरी देत जा की राव."
खरंय. आहुप्याला आम्ही पोरं असताना ओढ्यापलीकडून हाक आली की ओ द्यायची, आणि ओ दिली की हातातलं टाकून निघायचं. ओ देऊन न आलेला माणूस आठवत नाही.
प्रोग्राममधे 'आपोआप उत्तर' सापडलं. त्यात "ओ" टाकलं, फक्त सख्यापुरतं. स्वतःवर लई खूश.

३ फेब्रु., सोम.
संध्याकाळी बिलांची खिडकी बाजूला केली. मागं सख्या, सकाळपासून.
"भिव्या, येतो का?" खाली ओ.
"हिला सांगू नको. श्वास पुरत न्हाई." ओ.
"ओट्यावर बसतो जाऊन, एसटीकडं बघत." ओ.
"दुपारची बी गेली." ओ.
मी तिथंच होतो. काउंटरला. ड्रिपरच्या भोकावरून एकाशी हुज्जत घालत.
निघतो.

४ फेब्रु., मंगळ.
काल पोचलो तेव्हा सख्या ओट्यावरच, कानटोपी घालून. वहिनी म्हणाली, "आत चला म्हनलं तर ऐकंनात भावजी. हातानंच दावत्यात, ओ दिलीया त्यानं, निघालाय."
त्याला खरं सांगितलं. पाटीवर लिहिलं त्यानं, "मशीनची व्हती व्हय." पुसलं. नंतर खडू खाली ठेवला तो ठेवलाच.
दवाखान्यात नेलं. त्यांनी औषध बदललं. सख्याकडं बघून नाही, माझ्याकडं बघून बोलले. तेव्हाच काय ते...
परत सोडून आलो.

९ फेब्रु., रवि.
आपोआप उत्तर काढून टाकलं. रोज लिहितोय. तो वाचतो, वाचल्याची खूण उमटते. 'लिहीत आहे' येतं. जातं.
वहिनीला फोन केला. "दिसभर त्या डब्याम्होरं बसत्यात भावजी. लिवत्यात नि पुसत्यात. मला कुठं वाचता येतंय, काय सांगू?"
प्रोग्राममधे फुलं आहेत, जोडलेले हात आहेत, रडकी तोंडं तर ढीगभर. एकही पाठववलं नाही.

१५ फेब्रु., शनि.
वहिनीचा फोन सकाळपासून लागत नाही. दुकान रिकामं. लिहिलं, "सख्या, हायेस का?"
बोट उचललं नाही तोच टिंग.
"ओ."
'लिहीत आहे' दिसलं नाही. एका अक्षराला काय दिसणार म्हणा. आपोआप उत्तर त्यालाही सापडलं असेल, यातलं माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. किंवा माझीच वाट बघत बोट ठेवून बसला असेल. एवढ्या कानांचा काय उपयोग? त्या ओ मधे माणूस आहे का नाही, ऐकू येत नाही.
दुसरा निरोप पाठवला की कळेल. पाठवत नाही.
आहुप्याच्या रीतीनं ओ दिली म्हणजे तो निघाला. किल्ली घेतलीय. शटर ओढतो. वाटेत समोरून येणारी प्रत्येक एसटी बघत जायचं.