कॅसेटवरचं रडणं

मोखाडा, गुरुवार

परदेशातल्या व्हायोलिन स्पर्धेसाठी रेवाची कॅसेट उद्या सकाळच्या एस.टी.ने निघायलाच हवी. आणि आज दिवसभर भेटायला येणाऱ्या बायका! ह्यांना जाऊन आठवडाच झालाय, मान्य. पण प्रत्येकीने उंबऱ्यातच हंबरडा फोडायचा? दोनदा रेकॉर्डिंग बिघडलं. खोडाळ्याच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, न रडता आत शिरले तर लोक काय म्हणतील?" म्हटलं, "पायरीवर रडून घ्या, मग या." रागावल्या, पण तोंडाला पदर लावून गप्प बसल्या. रेवाने ह्यांनी बसवून घेतलेलंच वाजवलं. कुणी खोकलंही नाही. नंतर कॅसेट लावली, तर शेवटी हुंदका. माझाच! आता पुन्हा वाजव म्हणू कुठल्या तोंडाने? रेवाच म्हणाली, "आई, तू बाहेर जाऊन बस."