नेत्राताईची फेज

११ मार्च

वाट लागली! नेत्राताईच्या पीएचडीची. माझ्यामुळे.

काम एवढंच — तिच्या डिस्कवरचा पल्सरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा. पल्सर म्हणजे मेलेला तारा, गरगर फिरत घड्याळासारखे नेमके रेडिओचे ठोके पाठवतो. मला बोरीवलीला नॅशनल पार्कात जायची घाई. 'छोटी फाइल' या पर्यायावर टिचकी मारली आणि जुनी डिस्क कोरी करून मोकळा! आता सिग्नलचा नुसता जोर उरलाय, फेज गेली. म्हणजे लाट किती मोठी ते कळतं, चढत होती की उतरत होती ते नाही. दुर्बिणीवाले मूळ डेटा महिनाभरच ठेवतात. तो महिना संपला.

ताईची आई, माझी शेवंतीआत्या, आधी म्हणाली, "फेज गेली तर वायरमनाक बोलव गे!" मग कळल्यावर माझ्याकडे वळली — "मेल्या, ह्येच्यासाठी तुका घरात ठेवलंय?" फेज परत आली नाही तर मी कणकवलीला परत. ठरलं.

ताई लॅपटॉप उघडून कामाला लागली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

१३ मार्च

फेज परत काढता येते म्हणे. अंदाज लावायचा, त्यातून सिग्नल बनवायचा, उरलेल्या जोराशी ताडायचा, चुकलं तिथे दुरुस्त, पुन्हा पहिल्यापासून. हजारदा. आकृत्या बघायला मला बसवलंय. ताई म्हणाली, "बारावी नापास चालेल, डोळे हवेत."

१४ मार्च

मधेच मढला गेलो. बोंबील वाळत घालतात ते बघत बसलो. इथे प्रोग्राम तीन तास अडकलेला! ताईबरोबर काम करणारा निहार म्हणाला, "ह्याच्या हातात दिला तर पल्सरसुद्धा वेळ चुकवेल." सगळे हसले. मीपण. साला.

१७ मार्च

फेज आली! आकृतीतल्या पुसट कमानी एकदम धारदार झाल्या, फेज जुळली की होतात तशा. पहिल्यांदा मी बघितल्या — मी ओरडलो! ताईने लगेच तिच्या सरांना फोन लावला. "भावाने घोळ घातलेला सर, मी निस्तरला."

तिचं नुसतं मी. मी. मी.

१८ मार्च

सरांना पाठवायला फाइली लावत होतो. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर असतं, कशावरून बनली, ती कधीची, कोणी बनवलेली. माझी फाइल जिच्यावरून बनली, तीच मुळात फेज उडवलेली, दोन मार्चची. बनवणारी — नेत्रा. मला डिस्क मिळाली आठला.

म्हणजे माझ्या टिचकीच्या आधीच गेली होती!

१९ मार्च

विचारलं. ताई म्हणाली, "माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुझं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही ना रे."