निम्मं वर, निम्मं खाली

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुमच्याशी इंजिनाबद्दल बोलावंसं वाटतंय. ट्रॅक्टरखाली सापडून यांचा उजवा पाय अधू झाला, तेव्हापासून दोन चाकांची गाडी यांना सावरत नाही. म्हणून एका रिसॉर्टची जुनी, चार जाड चाकांची टू-स्ट्रोक गाडी घेतली. तिच्यावर बसून हे सोयाबीनच्या रानात जात, पाणी बघत, चार माणसांत बोलून येत. मग एके दिवशी तिचा क्रँक तुटला, आणि तेव्हापासून हे ओसरीवर बसून आहेत. जेवताना मान वर करत नाहीत.

तसा क्रँक कुठंच मिळेना. मिळाला त्याचा पिस्टनला जोडणारा दांडा लांब होता, आणि पिस्टनची वर-खाली फेरीही मोठी. कळंबचा मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्यो बसवला की पिस्टन वरच्या झाकणाला, हेडला धडकणार. म्या हात लावत न्हाय." मी म्हटलं, "नका लावू, मी लावते." तो हसला. त्याला काय माहीत, माझं माहेर म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेलं तुमचं वर्कशॉप होतं.

मॅट्रिकची परीक्षा संपली होती. तुम्ही एका मोपेडला नवा क्रँक बसवून हात धुवायला गेलात आणि मी मोठ्या भक्तीनं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, महादेवाचं नाव घेतलं आणि किक मारली. खट्! पिस्टन हेडवर आदळला. तो आवाज अजून दातांत बसलाय. तुम्ही ओल्या हातांनीच आलात. ओरडला नाहीत. "महादेवानं मोजायला डोळं दिलेत, बाई. त्याला कशाला कामाला लावतीस? आधी हातानं फिरवायचं, मग मोजायचं, मग पूजा." गिऱ्हाइकाला मात्र सांगितलंत, "माझीच चूक झाली." मी दाराआड उभी होते.

त्याच दुपारी आई जात्यावर डाळ भरडत होती. तुम्ही तिचा हात धरून थांबवलात आणि मला म्हणालात, "हे बघ. हा खुंटा दोन मिलिमीटर बाहेर सरकवला, तर हात पुढं दोन जास्त जातो, अन् मागं बी दोन जास्त येतो. फेरी चारनं वाढली. पण वर किती गेलं? दोनच." आई वैतागली, "जात्यावर शाळा भरवू नका, डाळ सांडतीया." मला तेव्हा फक्त सांडलेली डाळ दिसली.

परवा हे ओसरीवरून म्हणाले, "दांडा पाचनं लांब, फेरी चारनं मोठी. पाच न् चार नऊ. सिलेंडर तेवढा वर उचलायला खाली नऊची पट्टी घाल." मी म्हटलं, "अहो, फेरीचं निम्मंच वर जातं, निम्मं खाली. पाच अन् दोन, सात." कितीतरी दिवसांनी हे हसले. "मास्तरीण झालीस व्हय?" मग ढोकीच्या लेथवाल्याकडून पॅकिंगच्या कागदाची जाडी धरून सातची ॲल्युमिनियमची गोल पट्टी करून आणली. तो म्हणतो, "वहिनी, लोणच्याच्या बरणीला झाकण करताय काय?" म्हटलं, "तुम्ही नीट गोल करा, लोणचं मी पाठवते."

आज सकाळी आंघोळ, पूजा उरकून जोडणी केली. प्लगच्या भोकातून झाळकामाची, सोल्डरिंगची मऊ तार कडेपर्यंत आत सरकवली आणि क्रँक हातानं सावकाश फिरवला. एकदा. पुन्हा. कुठं घासलं नाही. दबलेली तार बाहेर काढून मोजली, तर मिलिमीटरहून थोडी जाड. म्हणजे पिस्टन आणि हेड यांच्यात तेवढी जागा आहे. माझा विश्वास बसेना, म्हणून दुसरी तार घातली. तीही तेवढीच. प्लग लावला, तेल-पेट्रोल घातलं, मग हळदकुंकू. तुम्ही सांगितलेल्या क्रमानं, अण्णा.

हे अंगणात गाडीवर जाऊन बसलेत. धुतलेला सदरा घातलाय, टोपीसुद्धा. रानात जायचंय म्हणून. आतापर्यंत दोनदा हाक मारली, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालंच, आले."

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते ठाऊक आहे मला. आणि खरं सांगायचं तर काम तासाभरापूर्वीच झालंय. किक मारायला पाय उचलेना, म्हणून आत येऊन तुम्हाला लिहीत बसले. आता उठते.