पाण्यातलं मेंढरू

माय, आपल्या घरात कुत्रं आलंय. आलंय म्हणजे ओसरीवर न्हाई, चांगलं स्वयंपाकघरात आलंय, आणि आत्ता हे लिहून राह्यलो तर माझ्या पायावर हनुवटी टेकून पडलंय. तू असतीस तर फुंकणी फेकून मारली असतीस, त्याला न्हाई, मला. लहानपणी मी पिल्लू उचलून आणल्तं तेव्हा तू म्हणाली होतीस, "आधी आपली पोटं भरू दे, मंग त्याचं बघ." ते मी मुकाट्यानं परत सोडून आल्तो.

हे तुझ्या नातवाचं आहे. त्यानं पुण्यात हौसेनं घेतलं, आयरिश का कुठली, पाण्यात पोहून शिकार आणणारी जात म्हणे. फ्लॅटमध्ये या कुत्र्यानं सोफा फाडला, खालच्या मजल्यावरचे भांडायला आले, तेव्हा दिवाळीत गाडीत घालून इथं शहागडला आणलं. "बाबा, थोडे दिवस सांभाळा, दुसरं घर मिळालं की नेतो." तुझी सून जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हणालो, ठेव, राहील कोपऱ्यात पडून. पडून राहील! सगळं अंग तपकिरी, कुरळं, पिळ्यापिळ्यांचं, डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर येतो, आणि शेपूट तेवढं उंदरासारखं बारीक. पहिल्याच दिवशी हायवेवरचा चहावाला ओरडला, "गुरुजी, रिटायर होऊन मेंढरं पाळायलात का?" तेव्हापासून गावात त्याचं नाव मेंढरू.

उजाडलं की दोरी तोंडात धरून उभं. मी जल्दी उठलो न्हाई तर एक चप्पल पळवतं आणि अंगणभर धिंगाणा घालतं. नदी दिसली की ते मला आवरत न्हाई, हातातली दोरी सुटते आणि धाडकन पाण्यात. आणि याचा धर्म असा, की जे तरंगतं ते बाहेर आणायचं. परवा एका बाईनं डोळे मिटून, हात जोडून नारळ सोडला. डोळे उघडती तोवर नारळ तिच्या पायाशी, आणि हे शेपूट हलवत उभं. "अहो गुरुजी, गंगामाईला दिलेलं परत आणलं की यानं!" बाई रडकुंडीला आली. मी तिच्यापुढं माझेच कान धरले, नारळ पुन्हा सोडला, यानं पुन्हा आणला. शेवटी ती बाईच हसायला लागली. आपण नारळ सोडणाऱ्यातले न्हाई, पण माय, मीही त्या दिवशी पोट धरून हसलो. आता घरी जाऊन सांगावं, अशा घाईनं कुलूप काढलं, आणि आत कुणीच न्हाई.

दुपारी मी त्याच्या केसात अडकलेले गोखरू काढत बसतो. तेवढा वेळ ते शहाण्यासारखं बसतं. तू कापूस वेचून यायचीस, तेव्हा तुझ्या लुगड्याला चिकटलेली कुसळं मी अशीच काढायचो. आपण दोघंही काही बोलायचो न्हाई. मी मास्तरकीच्या कॉलेजला निघालो, ती सकाळ मला अजून दिसते. एसटी उभी आहे. तू फडक्यात भाकरी बांधून देतेस आणि म्हणतेस, "जा की मंग. घरात पीठ तरी वाचंल." गाडी हलते, तू सरळ शेताची वाट धरतेस, वळून बघतसुद्धा न्हाईस. मला त्याचा राग होता, माय, कितीतरी वर्षं. "नको जाऊ" म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो का? बिलकुल न्हाई. पण तू एकदा म्हणायला पाहिजे होतं.

काल पोराचा फोन आला. अंगण असलेलं घर मिळालंय, रविवारी येतो, कुत्र्याला घेऊन जातो. माझ्या तोंडून काय निघावं? "ने की बाबा. डोक्याला ताप आहे नुसता. पीठ तरी वाचंल." तुझाच आवाज, तुझीच ढब. फोन ठेवला, खुंटीवरची कुत्र्याची दोरी दिसली. लगेच पोराला परत लावला.

"ऐक, त्याला नेऊ नको. मला करमत न्हाई रे."

तो म्हणाला, "बरं बाबा, राहू द्या तुमच्याकडेच. मग रविवारची चक्कर नाही मारत मी, त्याच्यासाठीच येणार होतो."

मी म्हणालो, "बराबर आहे. उगाच खर्चा कशाला करतो?"

हे येडं आज सकाळपासून माझ्या मागं मागं नाचतंय, जसं त्याला सगळं कळलंय. त्याला ठेवून घेतलं, माय. पोराला "तरी तू ये" एवढं काही म्हणता आलं न्हाई. फोन इथं शेजारीच पडलाय, आणि मी लिहीत बसलोय तुला.