खंडेनवमीचा व्हिडिओ

ॲन आर्बर,
२३ जानेवारी

ती. बाबांना आश्लेषाचा नमस्कार.

इथे सगळे बरे आहोत. थंडी मेली हाडात शिरते, बसस्टॉपपर्यंत चालायचं म्हणजे जिवावर येतं. तुम्ही पाठवलेला स्वेटर वीरला अगदी बसला. "टेल आजोबा इट्स सो कोझी," म्हणाला. तुमचा गुडघा कसा आहे? फोन न करता हाताने लिहून फोटो पाठवतेय, कारण सध्या घरात मोकळेपणाने बोलण्याची सोय नाही.

नीलांबरीने प्रॅक्टिकलचे आकडे खरंच बनवले का, असं तुम्ही परवा विचारलंत. नाही, बाबा. त्या मुलीने काहीही बनवलेलं नाही. बनवाबनवी आमच्या लॅबमध्ये झाली आहे आणि त्या प्रकाराची मला इतकी किळस आली आहे, की जेवण जात नाही.

नीट सांगते. आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये एका टोकाला पकडलेली स्टीलची पट्टी आहे, मोटर तिला थरथरवते. तुमच्या कॉलेजातली मुलं तिकडे बसून इंटरनेटवरून मोटरचा वेग बदलतात आणि कुठल्या वेगाला पट्टी सगळ्यांत जास्त हलते ते शोधतात. सेन्सरचे आकडे हलके, ते कसल्याही लाइनवरून पोचतात. लाइव्ह व्हिडिओ मात्र जड, लाइन मंदावली की अडकतो. मी पहिल्यापासून सांगत होते, चित्र लहान करा, कृष्णधवल करा, सेकंदाला दोनच फ्रेम पाठवा. तुटक दिसेल, पण खरं दिसेल. पण संस्थाचालकांना दाखवायला चित्र कसं गुळगुळीत हवं होतं.

तेव्हा आमच्यातल्या एकाने अक्कल चालवली. लाइन मंदावली की लाइव्ह बंद आणि आधी शूट करून ठेवलेला व्हिडिओ सुरू. कोपऱ्यातला 'लाइव्ह'चा लाल ठिपका तसाच. मुलं बिचारी वेग वाढवतायत आणि बघतायत भलत्याच दिवशीची पट्टी.

नीलांबरीच्या आकड्यांत पट्टी जोरात हलत होती, चित्रात जवळजवळ स्थिर. तिने दोन्ही जसंच्या तसं लिहिलं. कॉलेजने इकडे विचारणा केली, तर उत्तर गेलं, 'सिस्टीममध्ये दोष नाही, विद्यार्थिनीने आकडे बदलले असावेत.' आपली घाण एका पोरीच्या अंगावर ढकलायची, आणि तीही इतक्या सभ्य भाषेत.

मग तिनेच मला मेल केली. "मॅडम, व्हिडिओ अडकून पुन्हा सुरू झाला की मोटरवर झेंडूचं फूल आणि हळदकुंकू दिसतं. थोड्या वेळाने ते जातं. तुमच्याकडे रोज पूजा होते का?"

पूजा वर्षातून एकदाच होते, बाबा, खंडेनवमीला. लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. झेंडू इंडियन ग्रोसरीतून मी आणला होता, हळदकुंकू मी वाहिलं होतं. मोटर हळू चालवून, "मस्त दिसतंय, जरा शूट करतो," म्हणाला तो सुशांत. कॉलेजला उत्तर पाठवणाराही तोच.

एवढं लिहून झालं तरी त्याचं नाव मी टाळत होते.

मी त्याला जेवताना विचारलं. म्हणाला, "यार आशू, व्हिडिओ फ्रीझ झाला की कॉलेजेस कॅन्सल करतात. आकडे लाइव्हच जातात ना? व्हिडिओ नुसता शोसाठी आहे."

"आणि ती मुलगी?"

"एक सब्जेक्ट रिपीट करेल. आपला व्हिसा गेला तर आपण काय रिपीट करायचं?"

आणि त्याने शांतपणे आणखी आमटी वाढून घेतली. मी ताटावरून उठले. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला, त्याचं ते भात कालवणं मला बघवेना.

शनिवारी नीलांबरीची चौकशी आहे. दोषी ठरली तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं तर घरचे पुन्हा कॉलेजला पाठवणार नाहीत, असं तिने लिहिलंय. मी प्राचार्यांना त्या व्हिडिओसकट सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आज आलं. 'राजाराम सर स्वतः येऊन सांगून गेले, की माझा मुलगा प्रयोगात खोटेपणा करणार नाही. सरांच्या शब्दापुढे आम्ही नवराबायकोच्या भांडणात कशाला पडावं?'

हे तुम्ही मला फोनवर सांगितलं नव्हतंत.

तुम्ही हयातभर त्या कॉलेजात शिकवलंत, तिथे तुमचा शब्द चालतो. माझा नाही चालत, हे आज कळलं. म्हणून तुम्हीच जा. गुडघा दुखत असेल तर रिक्षा करा, पण जा. दिलेला शब्द सगळ्यांसमोर परत घ्या आणि सुशांतने काय केलं ते तुमच्या तोंडाने सांगा. त्याची नोकरी जाईल, माझीही जाईल, कदाचित हा देशही सुटेल. ते आम्ही बघू. त्या मुलीला दुसरं कोणी नाही.

शनिवारी तुम्ही गेलात, तर तुमची सून,
आश्लेषा