पहिली खुर्ची

गुरुवार, २० फेब्रुवारी

तो आवाज गोळ्यांच्या स्ट्रिपचाच होता. आधी चुरचुर, मग गोळी फॉइल फोडून बाहेर येते तेव्हाचा बारीक टक्. माइक बंद होता, जावईबापूंची माझ्याकडे पाठ होती, आणि हेडफोनमध्ये परिषदेतला कोणी पंपवाला पाहुणा आपल्या पंपांचं कौतुक सांगत होता. तरी ऐकलं. हे कान आहेत म्हणून तर इथवर आलो. हॉटेलात लोकांचं सामान उचलता उचलता परक्या भाषा शिकलो, त्या कानांनीच. शाळेनं काही दिलं नाही.

मग जावईबापू दीड तास एकटेच बोलले. आम्हा दुभाष्यांत अर्ध्या तासानं माणूस बदलतो – एक बोलतो, दुसरा शेजारी बसून आकडे आणि नावं कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवतो. त्यापुढे डोकं चालत नाही, भल्याभल्यांचं. मी टेबलावर बोट आपटलं, म्हणजे आता द्या माझ्याकडे. त्यांनी मान हलवली – नको. मी आकडे लिहीत बसलो. त्यांचा कारकून असल्यासारखा.

चहाच्या वेळी संयोजक बाई हसत आल्या. मी हात पुढे केला. त्या माझ्या बाजूनं वळसा घालून जावईबापूंकडे गेल्या. हात परत खिशात कसा घालायचा, ते मी त्या वेळी शिकलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गाडीत विचारून टाकलं. “डोकं दुखतं का हो हल्ली?”

“नाही. का?”

“काल गोळी घेतलीत.”

सिग्नलला थांबलो होतो म्हणून बरं. “बाबा, तुम्हाला काय काय ऐकू येतं,” म्हणाले, आणि मग सगळं सांगून मोकळे झाले. गोळीनं डोकं तल्लख राहतं, थकवा कळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, एक मित्र आणून देतो. रात्री झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं. “तिला सांगू नका.” तिला म्हणजे माझ्या लेकीला.

सासऱ्यानं बोलायचं ते बोललो – तब्येत, जबाबदारी वगैरे. आतून मात्र पिसासारखा हलका झालो होतो. म्हणजे हुशारी यांची नव्हेच. स्ट्रिपमधली!

झोप छान लागली.

सोमवार, ३ मार्च

सुनावणी सुरू झाली. एका बाजूला कारखान्यातून काढलेले कामगार, दुसऱ्या बाजूला कंपनी, मधे निवाडा करणाऱ्या पंचबाई. दोन्हीकडची भाषा वेगळी, म्हणून काचेच्या खोलीत आम्ही. कामगारांना परत घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न. त्यांच्या बायका व्हरांड्यात बाकांवर बसून असतात. तिथे स्पीकरवर आमचाच आवाज जातो.

पहिल्या खुर्चीत मी. ती काचेच्या मधोमध असते, तिथून बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. मुख्य दुभाषी तिथे बसतो. ऑफिस काढलं तेव्हापासून ती माझी आहे.

दुपारी एका कामगार बाईची साक्ष जावईबापूंकडे आली. बाई अडखळली तिथे ते अडखळले, बाईनं आवंढा गिळला तिथे ते थांबले, आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही. कंपनीच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. मी बोललो की तो पेन चालू ठेवतो. बघितलंय मी.

स्ट्रिपचा आवाज आला नाही. बाथरूममध्ये जाऊन घेत असणार. मला लाजून.

बुधवार, ५ मार्च

आजही तेच. सगळे “तुमचे जावई, तुमचे जावई.” जसं काही मीच यांना घडवलंय. घडवलं असतं तर निदान श्रेय तरी घेतलं असतं.

घरी आल्यावर हिला म्हणालो, “जावयाचं फारच कौतुक चाललंय.”

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. “अहो, मग? जावई आपलाच आहे ना, की शेजाऱ्यांचा?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. तोंड बघा आरशात. लिंबू पिळल्यासारखं झालंय.”

गोळ्यांचं अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. हुकमाचा पत्ता हातात असलेला बरा.

शुक्रवार, ७ मार्च

पंचबाईंचे सचिव जिन्यात भेटले. भेटले कसले, थांबलेच होते. “साहेब, पुढच्या शुक्रवारी शेवटची बैठक. पहिल्या खुर्चीत जावयांना बसवता येईल का, असं बाई विचारत होत्या. तुम्ही आहातच हो. पण त्यांचं कसं – पाण्यासारखं वाहतं.”

“म्हणजे मी काय, चिखल?”

सचिव मनापासून हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

मग माझा चेहरा बघून जरा नरमले असावेत. “मंगळवारी कंपनीचे मोठे साहेब बोलणार आहेत. तो दिवस तुम्ही करा, मग ठरवू.”

या वयात परीक्षा. आणि परीक्षेला शेजारी कोण, तर जावई.

शनिवार, ८ मार्च

मत्सर म्हणतात तो हाच असेल तर असू दे. मी सामान उचललंय, यांनी पदवी उचललीय. वर पुन्हा गोळी.

रविवार, ९ मार्च

लेक-जावई जेवायला आले होते. जेवणानंतर त्यांना गॅलरीत घेऊन गेलो.

“एक द्या.”

“काय?”

“कळलंय तुम्हाला.”

“नको, बाबा. तुमचं ब्लडप्रेशर –”

“तुम्ही गोळ्या घ्यायच्या आणि मी आकडे लिहायचे?” निघून गेलं तोंडातून. ते काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात लेक आतून ओरडली, “काय खलबतं चाललीत सासऱ्या-जावयाची?”

“धंद्याची,” मी म्हणालो.

जाताना चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, “मंगळवारी सकाळी देतो.”

मंगळवार, ११ मार्च

सकाळी काचेच्या खोलीत त्यांनी टिश्यूत गुंडाळलेली एक पांढरी गोळी हातावर ठेवली. घेतली.

काय सांगू! अर्ध्या तासात डोक्यातली सगळी दारं उघडली. मोठे साहेब सावकाश बोलणारा माणूस, मधेच थांबणारा, छताकडे बघणारा. ते थांबले की पुढचं काय येणार ते मला आधीच ऐकू यायचं. मी बोलून टाकायचो, आणि साहेब मग तेच बोलायचे. एकदा, दोनदा, पुन्हा. बदलायची वेळ झाली तेव्हा मीच मान हलवली – नको. वकिलाचं पेन खाली होतं. पंचबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत होत्या. जावईबापू मुकाट्यानं आकडे लिहीत होते. मनात म्हटलं, बसा आता तिथे.

साहेब म्हणाले, “काढलेल्या माणसांना आम्ही परत घेऊ.” आणि पाण्याचा ग्लास उचलला.

मला पुढचं ऐकू आलं. मी बोललो, “सगळ्यांना. हा माझा शब्द आहे.”

कामगारांच्या बाजूला टाळ्या. व्हरांड्यात कोणी तरी मोठ्यानं रडायला लागली. साहेबांनी दचकून ग्लास ठेवला आणि वाक्य पुरं केलं – “असं मागच्या वर्षी वाटलं होतं. आता ते शक्य नाही.”

दुसऱ्याचा माइक कोणी हिसकावत नाही, हा आमचा नियम. तरी जावईबापूंनी माझं बटण बंद केलं, स्वतःचं लावलं. “दुभाष्याची चूक झाली आहे. वक्त्यांनी शब्द दिलेला नाही.” मग साहेबांचं खरं वाक्य, जसंच्या तसं. शेवटपर्यंत तेच बोलले.

बाहेर सचिव विचारत होते, “चूक नक्की कोणाची?” जावईबापू म्हणाले, “आम्हा दोघांची. आमच्यात असं वेगळं सांगत नाहीत.”

व्हरांड्यात एक बाई फोनवर घरी सांगत होती – “नाही, नाही घेणार. मघाशी सांगितलं ते चुकीचं होतं.” तेवढ्या गोंगाटात मला नेमकं तेच ऐकू यायचं होतं.

बुधवार, १२ मार्च

दिवसभर एकच विचार. दोष गोळीचा. गोळीनं मला पळवलं, साहेबांच्याही पुढे. माझ्या शुद्धीत मी असं कधी केलं नसतं. इतकी वर्षं केलं नाही.

आणि गोळीनं मी पळालो, तर तेही गोळीनंच पळतात. त्यांचा पाय अजून घसरला नाही, एवढाच फरक. ती काढून घेतली तर आम्ही दोघं सारखे. कदाचित मी सरसच.

काल त्यांनी मला झाकून घेतलं, हे खरं आहे. त्याचाच जास्त राग येतोय.

उद्या समोरासमोर बोलायचं.

गुरुवार, १३ मार्च

ऑफिसचं दार लावलं आणि म्हणालो, “उद्या दोघांनीही गोळीशिवाय बसायचं. पहिली खुर्ची कोणाची ते मग पंचबाईच ऐकतील.”

जावईबापू म्हणाले, “बाबा, या सुनावणीत मी एकही घेतलेली नाही. तिला फेब्रुवारीतच कळलं. तेव्हाच सोडल्या.”

“आणि मला दिलीत ती?”

“पित्तावरची होती.”

खोटं बोलताना माणसाचा आवाज कुठे तरी बदलतो, आणि मला तो ऐकू येतो. नीट कान देऊन ऐकलं. बदलला नव्हता.